बारावा

टॉसला पंचवीस मिनिटं.
चादरीचा ताणा संपत आलाय,
मी मागाशेजारी उभा, एका हातात कांडी,
दुसऱ्या हातात अकरा माणसं.

शंभर क्रेडिट. त्यात सगळं बसवायचं,
पगारात महिना बसवतो तसं.
साडेदहाचा डावखुरा घेतला
की कीपर साडेसातचाच परवडतो,
आणि मग बॉल टाकायला उरतो
कुणी नवखा पोरगा, ज्याचा फोटोही अजून आलेला नाही,
नुसती राखाडी सावली, टोपी घातलेली.

पलीकडच्या मागावरून मुजीब काहीतरी ओरडतो.
धडधडाटात ओठच वाचायचे असतात:
रात्री दव पडणार, स्पिनर नको बे.
सोलापुरात, पत्र्याखाली, त्रेचाळीस डिग्रीत
आम्ही दोघं कुठल्या लांबच्या दवाची
काळजी करत उभे.

माझे वडील खरा संघ निवडायचे, गिरणीचा.
पार्क मैदानावर मॅच असली की आदल्या रात्री
विडीच्या कागदाच्या पाठीवर अकरा नावं,
तेलुगूत पुटपुटत, मराठीत लिहीत.
एखादं नाव खोडताना पेन्सिल
इतका वेळ हवेत राहायची
की आई दिवा मालवायची थांबायची.

एका वर्षी अंबादास गज्जम खोडला.
भिंतीला भिंत लागून घर, एकच खातं, एकच पाळी.
गज्जमनं पुढं नऊ वर्षं आमच्याकडं चहा घेतला नाही.
ताईच्या लग्नाला आला,
अक्षता टाकल्या, जेवला नाही.
वडील म्हणायचे, खांदा गेला होता रे त्याचा,
बाउंड्रीवरून थ्रो स्टंपापर्यंत येईना.
हे आम्हाला सांगायचे.
त्याला सांगणं काही जमलं नाही.

मी रोज अकरा घेतो, अकरा टाकतो.
कुणी रुसत नाही.
कालचा कॅप्टन आज अंगठ्यानं
बाजूला सारला,
त्याच्या घरचा चहा मला कधी नव्हताच.

सुटी झाली. दत्तनगरच्या कोपऱ्यावर
गज्जमकाका, प्लास्टिकच्या खुर्चीत, बनियनवर,
नसलेला वारा खात.
कोण कोण घेतले बे? दाखव की.
मोबाइल हातभर लांब धरून
एकेक नाव वाचलं, ओठ हलवत,
मग बोटानं खाली सरकवलं, अजून खाली.
बारावा कोण?
ह्यात बारावा नसतो काका.
नसतो?
मग मधी पाणी कोण नेतंय?

मी हसलो. ते नाही हसले.
तुझ्या बापानं मला बारावा ठेवला होता, म्हणाले,
पुरता खोडला नव्हता.
घागर घेऊन गेलो मी मैदानात. सगळे पिले.
तुझा बाप तेवढा पिला नाही.
उन्हात नुसता बुटाची लेस सोडत बसला, परत बांधत बसला.

एवढ्यात राजेश्वरीचा फोन:
नळ आलाय, पाचव्या दिवशी, या लवकर.
मी पळालो. पिंप, दोन हंडे, बादल्या,
धाकट्याची अंघोळीची घमेली,
शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला.
ओल्या बोटानं मोबाइल उघडेना,
उघडला तेव्हा वेळ संपली होती.
माझा कॅप्टन आज खेळतच नव्हता,
पाठीत लचक भरलेली, बाकावर बसून
टॉवेल घेऊन च्युइंगम चघळत होता.
कॅप्टनला दुप्पट मिळतात.
शून्याची दुप्पट मी दोन हंड्यांच्या मध्ये उभं राहून पाहिली.

नळ जायच्या आत एक तांब्या भरून
पोराच्या हाती कोपऱ्यावर पाठवला.
तांब्या रिकामा परत आला.
काका पिले, की वाटेत सांडला,
पोराला विचारलं नाही.